पैसे कोणाच्या हातावर?

मोगल इतिहास इंग्रजीतून वाचणाऱ्याला ॲनेट बेव्हरिज हे नाव टाळता येत नाही. गुलबदन बेगमचा 'हुमायूननामा' त्यांनी १९०२ साली इंग्रजीत आणला आणि पुढे 'बाबरनामा' फारसी तर्जुम्यावर न विसंबता थेट तुर्कीतून भाषांतरित केला. या भाषा त्या उतारवयात शिकल्या. त्यांचे पती हेन्री बेव्हरिज बंगालमध्ये जिल्हा न्यायाधीश होते. अबुल फजलचा 'अकबरनामा' इंग्रजीत आणला तो त्यांनी. या विद्वान जोडप्याला ५ मार्च १८७९ रोजी रंगपूर येथे, म्हणजे आजच्या बांगलादेशात, एक मुलगा झाला. त्याचे नाव विल्यम. या विल्यम बेव्हरिजनेच १९४२ च्या डिसेंबरात, महायुद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश सरकारला तो प्रसिद्ध अहवाल सादर केला, ज्याच्या पायावर इंग्लंडातील कल्याणकारी राज्याची इमारत उभी राहिली. अहवाल म्हणजे सरकारी रुक्ष दस्तऐवज. पण त्याच्या लाखो प्रती खपल्या.

बेव्हरिजच्या योजनेचा मुख्य भाग विम्याचा होता. कामगाराने वर्गणी भरावी, मालकाने भरावी, सरकारने भरावी आणि आजारपण, बेकारी, म्हातारपण यांत त्यातून आधार मिळावा. पण एक गोष्ट विम्याने सुटत नव्हती. जो माणूस रोज कामावर जातो, आजारी नाही, बेकार नाही, तरीही ज्याच्या मजुरीत घरातली पाच तोंडे भरत नाहीत, त्याचे काय? मजुरी कामाकडे पाहून ठरते. घरी दोन मुले आहेत की सहा, हे कारखानदार विचारत नाही. म्हणून बेव्हरिजने आपली सारी योजना तीन गृहीतकांवर उभी केली : सर्वांसाठी आरोग्यसेवा, सर्वांना रोजगार आणि मुलांसाठी सरकारी भत्ता. यातल्या तिसऱ्या गृहीतकाचा इतिहास येथे पाहायचा आहे. त्याला दीडशे वर्षांची पूर्वपीठिका आहे, आणि तिची एक शाखा थेट आपल्या दख्खनच्या दुष्काळापर्यंत येऊन पोचते.

१७९५ च्या वसंतात इंग्लंडात धान्य कडाडले होते. फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि पीकही बुडाले होते. ६ मे रोजी बर्कशर परगण्यातील न्यायाधीश न्यूबरीजवळच्या स्पीनहॅमलँड गावी पेलिकन नावाच्या खाणावळीत जमले. शेतमजुरांची किमान मजुरी कायद्याने ठरवावी, असा एक विचार त्यांच्यापुढे होता. तो त्यांनी बाजूला ठेवला. जमीनमालकांना न दुखवता मजुरांना जगवायचे, असा मार्ग त्यांनी काढला. पावाच्या भावाशी कुटुंबाचे उत्पन्न बांधून टाकले. जवळजवळ चार किलोचा 'गॅलन पाव' एक शिलिंगला मिळत असेल, तर कष्टाळू गरीब माणसाला स्वतःसाठी आठवड्याला तीन शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग मिळालेच पाहिजेत. पाव एक शिलिंग चार पेन्सवर गेला, तर त्याला चार शिलिंग आणि बाकी प्रत्येकाला एक शिलिंग दहा पेन्स. म्हणजे नवराबायको आणि तीन मुले अशा घराला पहिल्या भावाने नऊ शिलिंग लागतील, दुसऱ्या भावाने अकरा शिलिंग चार पेन्स. मजुरी त्याहून कमी पडली तर उरलेली रक्कम गावच्या गरीबनिधीतून, म्हणजे जमीनधारकांवर बसवलेल्या करातून, भरून द्यायची.

काम करणाऱ्या पण कमी कमावणाऱ्या कुटुंबाला सरकारी पैशाने भरपाई देण्याचा हा पहिला ठळक आराखडा. दक्षिण इंग्लंडात त्याचे अनुकरण पुष्कळ ठिकाणी झाले, पण सर्वत्र नाही, आणि प्रत्येक गावाने आपापल्या परीने केले. त्याच्याविरुद्ध जो आरडाओरडा झाला तो मात्र सर्वत्र झाला. उरलेली मजुरी गाव देणार, मग मालक पूर्ण मजुरी कशाला देईल? काम करा वा न करा, भाकरी मिळणारच, मग मजूर घाम कशाला गाळील? आणि प्रत्येक मुलामागे पैसे म्हटल्यावर गरिबांची पैदास वाढणार, हा माल्थसचा लाडका मुद्दा. त्याचा लोकसंख्येवरचा निबंध १७९८ चा.

हा माल्थस कोण होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १८०५ पासून १८३४ साली मरेपर्यंत तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. हिंदुस्थानात कलेक्टर आणि न्यायाधीश होण्यासाठी येणारी तरुण पोरे त्याच्या वर्गात बसून येत. गरिबाला फुकट देऊ नये, दिले तर तो बिघडतो, ही शिकवण ते सामानासोबत बांधून आणत.

इंग्लंडात १८३२ साली चौकशी आयोग बसला आणि १८३४ साली नवा गरीब-कायदा झाला. धडधाकट माणसाला घरी बसून मदत बंद. ज्याला मदत हवी त्याने वर्कहाऊसमध्ये यावे. तेथे नवरा एका विभागात, बायको दुसऱ्यात, मुले तिसऱ्यात. तत्त्व असे की सरकारी मदतीवर जगणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. आयोगाने आपल्या अहवालात स्पीनहॅमलँडच्या पद्धतीला सगळ्या पापांचे मूळ ठरवले. तब्बल सव्वाशे वर्षांनी, १९६३ मध्ये, अर्थशास्त्राचे इतिहासकार मार्क ब्लॉग यांनी तेच पुरावे पुन्हा तपासले आणि आयोगाने निष्कर्ष आधी ठरवून आकडे मागाहून वेचले होते, असे दाखवून दिले. मजुरी आधीच कमी होती, म्हणून भत्ता द्यावा लागला. भत्ता दिल्यामुळे मजुरी पडली, हे सिद्ध होत नव्हते. पण तोवर सव्वाशे वर्षे उलटली होती आणि या चुकीच्या धड्याची किंमत दूरदूरच्या लोकांनी मोजली होती.

त्यात आपलेही लोक होते. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनच्या गावागावांत अजून आठवणींत आहे. मुंबई इलाख्यात सरकारने खडी फोडण्याची आणि रस्त्याची कामे काढली होती. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपलला पाहणीसाठी पाठवले. याच टेंपलने तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने धान्य वाटले होते आणि उधळेपणाबद्दल बोलणी खाल्ली होती. ते किटाळ धुऊन काढायचा या वेळी त्याचा निर्धार दिसतो. त्याने दिवसाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर इतक्यावर आणली. म्हणजे दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला अर्ध्या किलोहूनही कमी धान्य. 'टेंपल वेज' या नावाने ते इतिहासात कुप्रसिद्ध आहे. मजुरी कापली आणि लोकांना घरापासून दूरच्या मोठ्या कामांवर हलवू लागले, तेव्हा इलाख्यातील हजारो उपाशी माणसे कामे सोडून निघून गेली. पोटात अन्न नसताना केलेला हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडले. टेंपलला त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर करण्यात आले.

या दुष्काळानंतर १८८० मध्ये फॅमिन कमिशनचा अहवाल आला आणि १८८३ पासून दुष्काळाच्या संहिता तयार झाल्या. त्यांत १८३४ ची सावली स्पष्ट आहे : काम करील त्यालाच मदत, तेही कष्टाचे काम, तेही निर्वाह होईल एवढ्याच मजुरीवर. पण याच संहितांत एक वाक्य असे आहे की ते वाचून मी थबकलो. काम न करता मदत कोणाला द्यावी, याची यादी तेथे आहे. आंधळे, लुळे, वेडे, वृद्ध हे तर आहेतच. त्यांच्यासोबत आणखी एक वर्ग आहे : घरातील आजारी माणसाजवळ किंवा तान्ह्या मुलाजवळ ज्यांनी असणे अगदी आवश्यक आहे अशी माणसे. सांभाळ करणे हेही काम आहे आणि ते करणाऱ्याला खडी फोडायला पाठवता येत नाही, ही गोष्ट त्या कठोर वसाहतवादी कारकुनीला कळली होती. खुद्द इंग्लंडच्या कायद्याला ती कळायला पुढे नव्वद वर्षे लागली.

आता पुन्हा इंग्लंडकडे वळू. एलिनॉर रॅथबोन ही लिव्हरपूलच्या एका श्रीमंत व्यापारी घराण्यातली मुलगी, जन्म १८७२. ऑक्सफर्डला शिकली, लग्न केले नाही, १९०९ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपालिकेवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बायकांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचे काम तिच्याकडे आले. नवरा आघाडीवर गेलेला, आणि बायकोला दर आठवड्याला मुलांच्या संख्येप्रमाणे पैसे थेट हातात मिळत. गोदी कामगारांच्या वस्त्यांत तिने जे पाहिले त्याने ती चक्रावली. कमावता पुरुष घरात नाही, युद्धाची महागाई आहे, आणि तरीही पुष्कळ घरांतली मुले पूर्वीपेक्षा बरी दिसतात. पायात बूट आहेत, घरात कोळसा आहे. कारण उघड होते. पैसा ज्या हातावर पडत होता, तो हात रोज भाकरी करणारा होता.

यातून १९२४ साली तिचे 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' हे पुस्तक निघाले. तिचे म्हणणे असे : मजुरी ही एका माणसाच्या कामाची किंमत आहे, मग त्यात आपण कुटुंबाचा खर्च का कोंबतो? पुरुषाला 'कुटुंबापुरती' मजुरी हवी असे म्हणायचे आणि त्याच नावाखाली बाईला निम्मी द्यायची, हे ढोंग आहे. अविवाहित पुरुषाला नसलेल्या मुलांचे पैसे मिळतात आणि सहा मुलांची विधवा उपाशी राहते. मुले वाढवणे हे समाजाचे काम आहे, तर त्याचा खर्च समाजाने आईला द्यावा. कामगार संघटनांना हे पटले नाही. मुलांचा भत्ता सरकार देऊ लागले तर मालक मजुरीवाढ नाकारतील, ही त्यांची धास्ती होती. पेलिकन खाणावळीचे भूत असे दोन्ही बाजूंनी उभे होते. जमीनदारांनाही तेच दिसे आणि मजूरपुढाऱ्यांनाही तेच.

रॅथबोनबाईंचा हिंदुस्थानशी संबंध मात्र कडूगोड आहे. कॅथरिन मेयोचे 'मदर इंडिया' वाचून त्यांनी येथील बालविवाहाचा प्रश्न हाती घेतला. १९२९ मध्ये लंडनला त्यांनी भरवलेल्या परिषदेत धन्वंती रामा राव यांनी उठून ठणकावले की आमच्या सुधारणा आम्ही करू, ब्रिटिश बायकांनी आम्हांला शिकवू नये. याच धन्वंतीबाईंनी पुढे १९४९ मध्ये मुंबईत कुटुंबनियोजन संघटना उभारली. १९३४ मध्ये रॅथबोन यांचे बालविवाहावर पुस्तक निघाले. १९४१ मध्ये त्यांनी हिंदी लोकांना युद्धात साथ न दिल्याबद्दल एक जाहीर पत्र लिहिले. रवींद्रनाथांनी आजारी बिछान्यावरून त्याला जे उत्तर दिले ते फार झोंबणारे होते. घरातल्या बाईच्या पराधीनतेचे गणित अचूक मांडणाऱ्या या बाईला एका देशाच्या पराधीनतेचे गणित सुटले नाही. माणूस असाच असतो. असो.

१९४५ मध्ये कुटुंबभत्त्याचे विधेयक पार्लमेंटात आले. बेव्हरिजने मुलामागे आठवड्याला आठ शिलिंग सुचवले होते. सरकारने पाच केले, तेही पहिले मूल सोडून. म्हणजे चार मुलांच्या घराला पंधरा शिलिंग. पण खरी लढाई रकमेवर झालीच नाही. विधेयकात पैसे बापाच्या नावे देण्याची तरतूद होती. कुटुंबप्रमुख तोच, कायद्याने मुलांच्या पोषणाची जबाबदारी त्याचीच, असा कायदेपंडितांचा युक्तिवाद. रॅथबोन तेव्हा अपक्ष खासदार होत्या. या प्रश्नासाठी त्यांनी जवळजवळ तीस वर्षे घालवली होती. त्यांनी जाहीर करून टाकले की पैसे आईला मिळणार नसतील, तर मी माझ्याच विधेयकाविरुद्ध मत देईन. स्त्रीसंघटना उठल्या. सरकारने पक्षादेश मागे घेऊन खासदारांना मोकळे मतदान दिले आणि कलम बदलले. भत्ता आईचा झाला. जूनमध्ये कायदा मंजूर झाला. ६ ऑगस्ट १९४६ च्या मंगळवारी ब्रिटनभरच्या पोस्टांत बायका पुस्तिका घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. ते पाहायला रॅथबोन नव्हत्या. २ जानेवारीलाच त्यांचे निधन झाले होते.

१९४८ च्या कायद्याने जुना गरीब-कायदा एकदाचा रद्द झाला आणि पुढची पंधरा वर्षे इंग्रजांना वाटत राहिले की दारिद्र्य संपले. १९६५ साली ब्रायन ॲबेल-स्मिथ आणि पीटर टाउनसेंड या दोन अभ्यासकांनी दाखवून दिले की लाखो गरीब माणसे अशा घरांत आहेत, जिथला कर्ता पुरुष पूर्ण वेळ नोकरी करतो. त्याच वर्षी बालदारिद्र्याविरुद्ध काम करणारा 'चाइल्ड पॉव्हर्टी ॲक्शन ग्रुप' स्थापन झाला. यावर हुजूर सरकारने १९७१ पासून 'फॅमिली इन्कम सप्लिमेंट' सुरू केले. ठरवलेली रक्कम आणि घरची मिळकत यांतील फरकाच्या निम्मे पैसे सरकार देणार. पेलिकन खाणावळीचा हा दुसरा जन्म म्हणायला हरकत नाही. ज्यांना हक्क होता त्यांतल्या जेमतेम निम्म्यांनीच अर्ज केले. फॉर्म किचकट, आणि आपण गरीब आहोत हे लिहून देण्याची लाज. शिवाय मिळकत एक पौंडाने वाढली की अर्धा पौंड भत्ता कापला जाई, त्यावर आयकर, विम्याची वर्गणी, मुलांचे शाळेतले फुकट जेवण बंद. जास्त काम करून घरात जवळजवळ काहीच वाढत नसे. फ्रँक फील्ड आणि डेव्हिड पियाशो यांनी १९७१ मध्ये याला 'पॉव्हर्टी ट्रॅप' असे नाव दिले, ते जगभर रूढ झाले.

येथे हजरत उमर यांच्या दिवाणाची रिवायत आठवल्याशिवाय राहत नाही. बैतुलमालमधून लहान मुलांनाही वजीफा मिळे, पण दूध तुटलेल्या मुलालाच. एका रात्री त्यांना एक बाळ सारखे रडताना ऐकू आले. चौकशी केली तर आई त्याचे दूध लवकर तोडू पाहत होती, वजीफा सुरू व्हावा म्हणून. तेव्हा त्यांनी नियम बदलून जन्मापासूनच वजीफा लागू केला, असे सांगतात. मदतीच्या अटी माणसांना कसे वागायला लावतात, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. रात्री गल्लीतून फिरावे लागते.

१९७५ मध्ये बार्बरा कासल यांनी 'चाइल्ड बेनिफिट'चा कायदा आणला. बापाच्या पगारातून मुलांसाठी मिळणारी करसवलत बंद करायची आणि तो पैसा कुटुंबभत्त्यात मिसळून, पहिल्या मुलापासून, आईला द्यायचा. म्हणजे नवऱ्याच्या खिशातून बायकोच्या बटव्यात. मे १९७६ मध्ये मंत्रिमंडळ डगमगले. पुरुषांच्या हातात येणारा पगार कमी दिसला तर कामगार भडकतील, अशी भीती दाखवून योजना गुंडाळण्याचे ठरले. पण मंत्रिमंडळाची गुप्त टिपणे कोणीतरी बाहेर फोडली आणि फ्रँक फील्ड यांनी ती एका साप्ताहिकात छापली. बोभाटा झाला, सरकारला माघार घ्यावी लागली आणि १९७७ पासून ही योजना टप्प्याटप्प्याने आली. टिपणे फोडणारा माणूस कोण, हे २०१४ साली कळले. तो गृहखात्यातला त्या वेळचा तरुण अधिकारी, पुढे मजूर पक्षाचा मंत्री झालेला माल्कम विक्स. त्याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर निघाले, त्यात कबुली आहे. १९८५ मध्ये थॅचर सरकारनेही नवा कुटुंबभत्ता मालकामार्फत पगाराच्या पाकिटातून देण्याचा घाट घातला होता. तोही स्त्रियांच्या विरोधाने मोडला. दर दहा-पंधरा वर्षांनी पैसा बटव्यातून खिशात नेण्याचा प्रयत्न होतोच.

मुलांचे असे मार्गी लागत होते. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचे काय? मेरी वेब्स्टर नावाच्या धर्मोपदेशक बाईने १९५४ मध्ये वृद्ध आईवडिलांसाठी नोकरी सोडली. नऊ वर्षांनी तिने वृत्तपत्रांना पत्र लिहिले की अविवाहित मुलीने आईबापांना सांभाळावे हे सगळ्यांनी गृहीत धरले आहे, आणि तिच्या म्हातारपणी तिच्याजवळ ना पगार ना पेन्शन. देशभरातून तशाच बायकांची पत्रे आली. १९६५ मध्ये त्यांची संघटना झाली. १९७६ पासून सरकारने 'इनव्हॅलिड केअर अलाउन्स' सुरू केला. आठवड्यातून पस्तीस तास कोणाची शुश्रूषा करणाऱ्यास हा भत्ता. फक्त विवाहित स्त्रीला नाही. कारण? ती नाहीतरी घरीच असते.

नकळत राहिलेली ही चूक नव्हती. बेव्हरिजच्या अहवालातच विवाहित स्त्री नवऱ्याच्या आश्रयाने राहणारी म्हणून धरलेली होती. वृद्धापकाळी स्वतःच्या बुद्धीवर बाबराची तुर्की आत्मसात करणाऱ्या आईचा हा मुलगा, त्याला लग्न झालेली बाई कमावती असेल हे सुचू नये, याचे नवल वाटते.

मँचेस्टरच्या जॅकी ड्रेक यांची आई स्मृतिभ्रंशाने आजारी होती. १९८४ मध्ये त्यांनी नोकरी सोडून आईला सांभाळायला घेतले, भत्त्यासाठी अर्ज केला आणि विवाहित असल्यामुळे तो नामंजूर झाला. नवऱ्याने हेच केले असते तर त्याला पैसे मिळाले असते. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेले. सामाजिक सुरक्षेत स्त्रीपुरुष समानतेचा १९७८ चा युरोपीय निर्देश ब्रिटनला बंधनकारक होता. २४ जून १९८६ रोजी न्यायालयाने ड्रेकबाईंच्या बाजूने निकाल दिला. सरकारला वारे कळले होते. आदल्याच दिवशी, २३ जूनला, त्यांनी पार्लमेंटात घोषणा करून टाकली की भत्ता विवाहित स्त्रियांनाही मिळेल. हरण्यापूर्वी एक दिवस उदार होण्याची ही कला सगळ्या सरकारांना अवगत असते.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात. १९९९ मध्ये मजूर सरकारने कमी पगारवाल्या कुटुंबांची मदत 'टॅक्स क्रेडिट' म्हणून करखात्याकडे नेली. २००३ मध्ये ती आणखी विस्तारली आणि पहिल्याच वर्षी सुमारे एकोणीस लाख कुटुंबांना मिळून २.२ अब्ज पौंड जास्त दिले गेले. ते मागून वसूल करताना लोकांची दैना झाली. २०१३ पासून 'युनिव्हर्सल क्रेडिट' आले, २०२५ च्या एप्रिलमध्ये टॅक्स क्रेडिट संपूर्ण बंद झाले. नव्या पद्धतीत साऱ्या कुटुंबाचे पैसे महिन्यातून एकदा एकाच खात्यावर जमा होतात. ते खाते नवऱ्याचे की बायकोचे, हे घरातच ठरायचे. रॅथबोनबाईंचे जुने दुखणे पुन्हा उपटले. २०१७ मध्ये तिसऱ्या मुलापासून मदत बंद करणारा नियम आला, तो काढून टाकण्याची घोषणा २०२५ च्या नोव्हेंबरात झाली. माल्थसला जाऊन तेव्हा जवळजवळ एकशे एक्याण्णव वर्षे झाली होती.

सांभाळ करणाऱ्यांच्या भत्त्याचे २००३ पासूनचे नाव 'केअरर्स अलाउन्स'. २०२४ मध्ये तो आठवड्याला ८१.९० पौंड होता आणि तो घेणाऱ्याने बाहेर आठवड्याला १५१ पौंडांपर्यंतच कमवावे, अशी अट होती. १५२ कमावले की त्या आठवड्याचा सगळा भत्ता रद्द. वर्षभर आठवड्याला एक पौंड जास्त मिळाला, तर बावन्न पौंडांपायी ४,२५८ पौंड ८० पेन्स सरकारला परत. करखात्याकडून मिळकतीची सूचना येत होती, पण प्रत्येक सूचना कोणी उघडून पाहत नव्हते. मग तीनचार वर्षांनी एकदम नोटीस. अशा लाखाहून अधिक लोकांवर वसुली लागली होती, काहींवर खटलेही झाले. दुकानात अर्धा वेळ काम करून उरलेला वेळ अपंग मुलाला किंवा विसरभोळ्या आईला देणारी ही माणसे. २०२४ मध्ये वृत्तपत्रांनी हे लावून धरल्यावर स्वतंत्र चौकशी नेमली गेली, २०२५ च्या एप्रिलपासून मिळकतीची मर्यादा १९६ पौंड झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस चौकशीचा अहवालही आला. मर्यादा ओलांडली की सगळेच जाते, ही कड्यावरून पडण्याची रचना मात्र मर्यादा वाढवल्याने बदलली नाही.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, तिचा १९७७ चा कायदा १९७९ पासून अमलात आला. दुष्काळी कामांच्या जुन्या परंपरेतून आलेली, पण दयेऐवजी हक्कावर उभी केलेली ही योजना. पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्यात एक तरतूद आली : कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर मजूर बायांपैकी एकीला त्यांच्याजवळ बसवावे आणि तिलाही मजुरी द्यावी. पोरे सांभाळण्याची मजुरी हजेरीपटावर चढली, ही गोष्ट लहान नाही. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, अपंग, दुर्धर रोगाने पीडित अशांना दरमहा अनुदान. तलाकपीडित मुस्लिम स्त्रियांच्या पोटगीवरून देशभर रणे माजली आणि १९८६ च्या कायद्याने शेवटचा भार वक्फ बोर्डावर टाकला, त्याच्या सहा वर्षे आधीची ही योजना. त्या वादात तिचे नाव कोणी काढले नाही. २०२३ पासून अनुदान दीड हजार रुपये झाले, पण निराधाराच्या कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एकवीस हजारांवर होती. महिन्याला साडेसतराशे रुपये. रोज मजुरीला जाणाऱ्या कोणत्या घराचे उत्पन्न याच्या आत बसते, हे उत्पन्नाचा दाखला देणाऱ्या तलाठी-तहसीलदारांनाच ठाऊक. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत ती मर्यादा अडीच लाख ठरली आणि पैसे थेट बाईच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जाऊ लागले. निवडणुकीचा हिशेब त्यात होताच. तरीही पैसे बाईच्या नावावर, ही एक गोष्ट रॅथबोनबाईंना पटली असती.

निराधार योजनेच्या यादीत आजारी माणूस आहे, अपंग आहे. त्याच्या उशाशी बसणारी व्यक्ती त्या यादीत नाही. केरळने मात्र अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पूर्णवेळ सेवा करणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' नावाची योजना काढली. रक्कम दरमहा सहाशे रुपये.